पद घे, पण किती प्रती छापायच्या ते कोण ठरवणार हे आधी विचार

या वेळचं पत्र पलूसहून आलंय, थोडं कापून देते.

"ताई, माझं वय ३१. पुण्यात एका मराठी मासिकाच्या ऑफिसात सात वर्षं झाली, जाहिरात विभागात कोऑर्डिनेटर म्हणून लागले, आता मॅनेजर आहे. आमचे मालक थकलेत, मुलगा परदेशात, ते म्हणतात तू बिझनेस हेड हो, मासिक आणि दिवाळी अंक दोन्ही तूच बघ. पगार ५५ हजारांचा ६५ होईल. त्याच वेळी एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीकडून ८० हजारांची ऑफर आलीय. बाबा म्हणतात मासिकं कोण वाचतंय आता, बुडत्या होडीत कशाला बसतेस. मला आमचा अंक खरंच आवडतो. पण मी लिहिणारी नाही, आकडेवाली आहे, आणि संपादकीय विभागातले लोक आम्हाला 'धंदेवाले' म्हणतात ते मनाला लागतं. या कामात करिअर म्हणावं असं काही आहे का? काय करू?"

अगं, पत्र दोनदा वाचलं. आधी उत्तर सांगते, मग बाकीचं. पद घे असं माझं मत आहे, पण एका अटीवर, की अंकाच्या किती प्रती छापायच्या आणि अंकाची किंमत किती ठेवायची हे तू ठरवणार, आणि हे कागदावर लिहून मिळालं पाहिजे. मालक हो म्हणाले तर ये या कामात, मनापासून ये. टाळाटाळ केली तर एजन्सीत जा आणि मागे वळून बघू नको.

ही एकच अट मी का धरून बसलेय ते सांगते. १९८८ ला मी मासिकांच्या धंद्यात आले, वर्गणीदारांचे पत्ते हाताने लिहायच्या कामावर, आणि २०२० ला थांबले. मधे एका मासिकात मला वितरण व्यवस्थापक केलं, व्हिजिटिंग कार्ड छापून दिलं, स्वतंत्र टेबल, मला फार आनंद झाला होता. पण छपाईची ऑर्डर मालकच द्यायचे. जाहिरातीच्या दरपत्रकात खप २२ हजार लिहिलेला, म्हणून २२ हजार छापायचेच असा हट्ट. विकले जायचे जेमतेम १३ हजार. दर महिन्याला न विकलेल्या प्रतींचे परतीचे गठ्ठे यायचे, लांबचे एजंट तर भाडं वाचावं म्हणून नुसती फाडलेली कव्हरं पाठवायचे, पोत्यात भरून, आणि ती मोजायची मी. दोन वर्षं मी चिठ्ठ्या लिहिल्या की प्रती कमी करा. शेवटी तोटा वाढला तेव्हा मीटिंगमधे सगळ्यांसमोर विचारलं गेलं की वितरण कोण बघतं. मी उभी राहिले. त्या दिवशी घरी आल्यावर मी जेवले नव्हते. जबाबदारी माझी आणि निर्णय दुसऱ्याचा, अशा खुर्चीत तू बसू नयेस एवढंच मला पाहिजे.

आता आकड्यात बघ, तू आकडेवाली आहेस म्हणून तुला हे पटेल. समज अंकाची किंमत ५० रुपये. एजंट आणि स्टॉलवाला मिळून ३५ टक्के कमिशन धरलं तर हातात येतात साडेबत्तीस. छपाई, कागद, बायंडिंग मिळून एका प्रतीला २८ रुपये खर्च धर. १० हजार छापले, ३ हजार परत आले. विक्रीतून आले २ लाख २७ हजार ५००, छपाईला गेले २ लाख ८० हजार. म्हणजे पगार, भाडं, लेखकांचं मानधन काहीच न धरता साडेबावन्न हजार गेले. आता तेच ७,५०० छाप. प्रत थोडी महाग पडेल, २९ धर, आणि काही स्टॉलवर अंक लवकर संपला म्हणून विक्रीसुद्धा ५०० ने कमी झाली असं धर, म्हणजे ६,५०० विकले. आले २ लाख ११ हजार २५०, गेले २ लाख १७ हजार ५००. खड्डा सव्वासहा हजारांचा. लेख तेच, चित्रं तीच, वाचकाला काही फरक कळला नाही, फक्त एका आकड्यावर महिन्याला ४६ हजार वाचले. हा आकडा दर महिन्याला, प्रत्येक एजंटच्या मागच्या तीन-चार अंकांची परत बघून ठरवायचा असतो, कराडला किती, विट्याला किती, मिरज स्टेशनला किती, आणि ज्याच्या हातात हा आकडा आहे तोच मासिक चालवत असतो, बाकी पाटी दारावर कुणाचीही असू दे.

म्हणून हो म्हणायच्या आधी मालकांकडून काही कागद माग. मागच्या १२ अंकांचे छापील, विक्री आणि परत हे आकडे, एजंटवार. एजंटांकडे किती थकलंय आणि किती दिवसांचं. जाहिरातीची वसुली तर तुला माहितीच आहे. आणि वर्गणीदारांची यादी, त्यात आजीव किती आहेत हे वेगळं काढून घे. हे आजीव वर्गणीदार प्रकरण बाहेरच्या माणसाला कळत नाही. आपल्याकडे बऱ्याच मासिकांनी कधीकाळी पैशाची अडचण आली की आजीव वर्गणीची योजना काढली, एकरकमी काही शे किंवा हजार रुपये घेतले आणि ते त्याच वर्षीच्या कागदाच्या बिलात संपले, अंक मात्र अजून जातोय, त्या माणसाच्या नातवाच्या नावावर बदलून सुद्धा जातोय. माझ्या हातात आलेल्या एका यादीत दर चार वर्गणीदारांत एक आजीव होता. तो आपला वाचक आहे, त्याला अंक द्यायचा, त्यात काही शंका नाही, पण तो उत्पन्नात धरायचा नाही.

वार्षिक वर्गणीचंही तसंच. ५०० रुपये वर्गणी म्हणजे एका अंकाला साधारण ४१-४२ रुपये आले, परत यायची भीती नाही, कमिशन नाही, आणि पोस्टाकडे नियतकालिक म्हणून रीतसर नोंदणी असेल आणि ठरलेल्या तारखेला अंक पोस्टात पडत असेल तर टपालखर्चही किरकोळ. स्टॉलवरच्या प्रतीपेक्षा ही प्रत केव्हाही चांगली. पण ते ५०० रुपये आले त्या दिवशी तुझे झालेले नसतात. बारा अंक देईपर्यंत ते वाचकाचेच पैसे आहेत. मालकांना सरळ विचार, आज अंक बंद केला तर वर्गणीदारांचे किती रुपये परत द्यायला लागतील? हा आकडा तोंडपाठ असलेले मालक असतील तर डोळे झाकून काम कर त्यांच्याकडे. बहुतेकांनी तो काढलेलाच नसतो.

खप किती म्हणून जो आकडा सांगितला जातो त्यावर जाऊ नको हेही सांगून ठेवते. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ पासून आहे, ती खप तपासून प्रमाणपत्र देते, पण छोटी मासिकं त्या वाटेला सहसा जात नाहीत, मग छपाईवाल्याचं बिल आणि पोस्टाच्या पावत्या हाच खरा पुरावा.

दिवाळी अंकाबद्दल तुला मी काय सांगू, जाहिराती तूच आणतेस. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे ही रीत पडली आणि आता मराठी मासिकांचा वर्षाचा जीव त्या एका अंकात असतो. तीच मला काळजी वाटते. सगळी कमाई एका अंकात म्हणजे एक वर्ष वाईट गेलं की पुढचे अकरा अंक उधारीवर. आपल्या सांगलीत २०१९ ला काय झालं आठव. ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, बाजारपेठ बुडाली, जे दुकानदार दरवर्षी फोन केला की पान द्यायचे ते स्वतःच्या दुकानातला चिखल काढत होते, त्यांना जाहिरात मागायची माझी हिंमत झाली नाही, लगेच २१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, पुढाऱ्यांच्या शुभेच्छांची पानं अडकली, आणि दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी. पुढच्या मार्चमधे लॉकडाऊन. एसटी बंद, स्टॉल बंद, एजंट घरात. त्या वर्षी जी मासिकं तगली ती मी जवळून बघितलीत, ज्यांच्याकडे वर्गणीदारांचे फोन नंबर नीट लिहिलेले होते ती तगली, कारण त्यांनी एकेकाला फोन करून सांगितलं की अंक उशिरा येईल, पीडीएफ पाठवतो, आणि लोक म्हणाले पाठवा, वर्गणीपण घ्या पुढची. ज्यांच्याकडे नुसती एजंटांची यादी होती त्यांना आपला वाचक कोण हेच माहिती नव्हतं.

आता 'धंदेवाले' या शब्दाबद्दल. हे मला जास्त लागलं, कारण तू पलूसची. तुझ्या घरापासून किर्लोस्करवाडी किती लांब आहे? त्या स्टेशनाला पूर्वी कुंडल रोड म्हणायचे. तिथे १९१० ला कारखाना उभा राहिला, लोखंडी नांगरांचा, आणि त्याच कारखान्याच्या जाहिरातीचं काम बघायला शंकरराव किर्लोस्कर आले, शिकलेले चित्रकला. १९२० ला त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, कारखान्याची माहिती लोकांपर्यंत पोचवायला काढलेलं छोटंसं पत्रक म्हणावं असं. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० ला 'स्त्री' आलं, १९३४ ला 'मनोहर'. माळरानावरच्या वसाहतीतून निघालेली ही मासिकं महाराष्ट्रभर घराघरात गेली, बायकांच्या शिक्षणावर, अंधश्रद्धेवर, लग्नाच्या चालीरीतींवर लोकांना विचार करायला लावणारी. आणि त्याची सुरुवात कुठून, तर कारखान्याच्या जाहिरात विभागातून! लिहिणं, चित्र काढणं, जाहिरात, वितरण हे सगळं एका माणसाच्या डोक्यात एकत्र होतं, त्यांना ते वेगळं वाटलंच नाही. तू जाहिरातीतून आलीस म्हणजे खालच्या दारातून आलीस असं कुणी म्हणत असेल तर त्याला किर्लोस्करवाडीला घेऊन ये एकदा.

आणखी दोन माणसं आठवतात. विद्याताई बाळ 'स्त्री'च्या संपादक होत्या, तिथून बाहेर पडल्या आणि १९८९ ला 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं, मागे मोठं घराणं नाही, कारखाना नाही, वर्गणीदार गोळा करत करत अंक उभा केला. आणि आपल्या शेजारी साताऱ्याचे डॉक्टर दाभोलकर, मिरजेला मेडिकल शिकलेले, साने गुरुजींनी १९४८ ला सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकाचे १९९८ पासून २०१३ ला त्यांचा खून होईपर्यंत ते संपादक होते. त्यांच्या काळात मुलांसाठी वेगळा बालकुमार दिवाळी अंक निघाला, किंमत पोरांच्या खिशाला परवडेल अशी, आणि तो शाळाशाळांतून गेला. विचार कितीही चांगला असला तरी तो किती पानांत, किती रुपयांत, कुणाच्या हातून कुठल्या गावात पोचेल हे कुणीतरी बसून मांडावं लागतं. ते मांडणारी तू आहेस.

तरी एक गोष्ट संपादकीयवाल्यांच्या बाजूने बोलते. त्यांचा राग कधीकधी खरा असतो. पैसे घेऊन छापलेला मजकूर लेखासारखा सजवून आत घालायचा, वर 'जाहिरात' असा शब्द नाही, ही मागणी जाहिरातदार तुझ्याकडे करणार, केलीच असेल. बिझनेस हेड झाल्यावर पहिल्याच आठवड्यात संपादकांना भेट आणि सांग की पैशाचा मजकूर असेल तर वर 'जाहिरात' असं स्पष्ट छापलं जाईल आणि लेख कुठला घ्यायचा यात मी पडणार नाही. त्याच्या बदल्यात त्यांनी पानांची संख्या आणि तारीख पाळायची. छपाईच्या एका मोठ्या कागदाला फॉर्म म्हणतात, एक फॉर्म म्हणजे सोळा पानं, ऐनवेळी चार पानं वाढवली की खर्च कुठे जातो हे त्यांना कुणी कधी समजावून सांगितलेलंच नसतं, तू छपाईचं बिल समोर ठेवून सांग, माझा अनुभव असा की ऐकतात.

कायद्याचं एक सांगायचं राहिलं, आणि हे महत्त्वाचं आहे. अंकात शेवटी किंवा आतल्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असते, मुद्रक, प्रकाशक, संपादक अमुक. मालक थकलेत म्हणतेस, तर ते उद्या म्हणतील की प्रकाशक म्हणून तुझं नाव घालू. ऐकायला मान वाटतो. पण कुठल्या लेखावरून बदनामीची नोटीस आली तर ती त्या नावाने येते, मालकीत तुझा एक रुपया नसला तरी. नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झालाय, नोंदणी आता प्रेस सेवा पोर्टलवरून होते, ती नोंदणी कुणाच्या नावावर आहे, वार्षिक विवरण वेळेवर भरलंय का, हे सगळं बघून घे. जुने मार्चचे अंक चाळ, त्यात मालकीचं निवेदन छापलेलं असायचं, मालक नक्की कोण कोण, भागीदार कोण, हे त्यात कळतं. परदेशातल्या मुलाचं नाव त्यात असेल तर त्याच्याशीही एकदा फोनवर बोलून घे, कारण उद्या निर्णय त्याचाच असणार आहे. नाव घालायचं की नाही ते वकिलाला विचारून ठरव, माझ्या सांगण्यावरून नको.

पैशाचं बोलू. ८० आणि ६५ मधे महिन्याला १५ हजार, वर्षाला १ लाख ८० हजार. हे थोडे पैसे नाहीत, आणि बाबांची काळजी मी चुकीची म्हणणार नाही, गेल्या काही वर्षांत छापील मासिकं खरंच बंद पडलीत, ज्या स्टॉलवर मी वीस नावं मोजायचे तिथे आता चार दिसतात आणि बाकी जागेत वेफर्सच्या माळा. घरात कर्ज असेल, कुणाच्या औषधपाण्याचा खर्च तुझ्यावर असेल तर एजन्सी घे, त्यात काही वाईट नाही. तसं नसेल तर मालकांशी पगाराबरोबर आणखी एक गोष्ट बोल, तोटा जेवढा कमी होईल त्यातला ठराविक हिस्सा वर्षाच्या शेवटी तुला. वर जो ४६ हजारांचा हिशोब मांडला तो त्यांच्यासमोर मांड, स्वतःच्या अंकाचे खरे आकडे घालून. आणि दोन वर्षांची मुदत स्वतःशी ठरव. दोन वर्षांत तू किंमत ठरवायला शिकशील, कागदाची खरेदी, पोस्ट, वसुली, जाहिरातीवर ५ टक्के जीएसटी आणि अंकाच्या विक्रीवर शून्य, त्यामुळे छपाईच्या बिलावर भरलेला जीएसटी पूर्ण का वळता होत नाही, हे सगळं. एवढं येणारी माणसं फार कमी आहेत गं. एजन्सीत तू कुणाच्यातरी ब्रँडचं एक टोक सांभाळशील, इथे पूर्ण वस्तू तुझ्या हातात येईल, कागदाच्या रिमपासून वाचकाच्या दारापर्यंत, आणि तेवढं येणाऱ्या बाईला उद्या पुस्तकाचं प्रकाशन असो, शैक्षणिक प्रकाशन असो, कुठेही उभं करतात. बाबांना हे असं सांगून बघ.

काम सुरू केलंस तर पहिले दोन महिने ऑफिसात कमी बस. एसटीने फिर. सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा, वाई, प्रत्येक एजंटाकडे स्वतः जा, चहा घे, गठ्ठा कुठल्या दिवशी येतो, अंक पुढे लावतात की मागे, विचार. मला एका एजंटाने सांगितलं होतं की तुमचा अंक १२ तारखेला येतो, पेन्शनवाल्यांचे पैसे १ ते ५ ला सुटे असतात, तेव्हा ते दुसरं काहीतरी घेऊन जातात. ही गोष्ट ऑफिसात बसून मला दहा वर्षांत कळली नव्हती. तारीख २८ केली, खप वाढला.

आणि ज्यांनी वर्गणी पुन्हा भरली नाही त्यांची यादी काढून रोज दहा फोन, तू स्वतः. "वर्गणी संपली" असं सांगायला नाही, "अंक मिळत होता का" असं विचारायला. निम्मे लोक सांगतात की अंक पोचतच नव्हता, किंवा घर बदललं, किंवा मनीऑर्डरचा फॉर्म कुठे मिळतो ते कळलं नाही. आता फोनवरून पैसे भरता येतात हे सांगितलं की तिथल्या तिथे भरतात. ऐंशी वर्षांच्या एका आजोबांनी मला फोनवर सांगितलं होतं की बाई, मी अंक बंद केला नाही, तुम्ही बंद केलात. ते वाक्य मी पुढे प्रत्येक नव्या पोरीला सांगितलं.

तर आता असं कर, आकडे मागून घे, आठ दिवस दे त्यांना. एजन्सीवाल्यांना सांग पंधरा दिवसांत कळवते, थांबतात तेवढे. कागद हातात आले की शनिवारी पलूसला येशील तेव्हा सांगलीला चक्कर मार, विश्रामबागेत माझ्याकडे, एजंटवार परतीचा तक्ता आपण दोघी बसून बघू. माझं जुनं रजिस्टर अजून आहे, रकाने कसे आखायचे ते त्यातच दाखवते.